इथाकातले सात जण

परवा शुक्रवारी ऑफिसात डबे उघडले आणि विषय निघाला रॅगिंगचा. आमच्या टीममध्ये अमेरिकेत एमएस करून आलेला एक जण आहे. त्याने तिकडच्या 'फ्रॅट' पार्ट्यांचे किस्से सांगायला सुरुवात केली. बिअरची पिंपं, छपरावरून स्विमिंग पूलमध्ये उड्या, नव्या पोरांना बर्फात उघडं उभं करणं वगैरे वगैरे. बाकीच्यांना हे सगळं हॉलिवूडच्या कृपेने माहीत होतंच. (१९७८ सालच्या 'अ‍ॅनिमल हाउस' या सिनेमाने या विषयावर जगाचं जे मत बनवून ठेवलंय ते अजून पुसलं गेलेलं नाही.) फ्रॅटर्निटी म्हणजे बापाच्या पैशावर चार वर्षं दंगा घालणारी गोरी मुलं, असा निकाल लागला आणि ताक संपवून मंडळी आपापल्या जागी गेली.

मी काही बोललो नाही. पण दुपारभर डोक्यात एक बाक घोळत राहिला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात ऑनसाइटला होतो. शहर नव्हे, राज्य! 'न्यूयॉर्कला आहे' असं घरी सांगितलं की आई शेजारी जाऊन उंच इमारतींचं वर्णन करायची, आणि इकडे माझ्या खिडकीतून फक्त मक्याची शेतं दिसायची. असाच एका शनिवारी गाडी काढून इथाकाला गेलो. कॉर्नेल विद्यापीठाचं गाव. टेकडीवर विद्यापीठ, खाली गाव, आणि मधून जमीन चिरत गेलेल्या खोल खोल घळी. विद्यापीठाच्या आवारात बार्न्स हॉल नावाची जुनी इमारत आहे, तिच्या समोर दमून बसलो. बसता येईल अशी एक वळणदार बुटकी भिंत होती. पाच मिनिटांनी लक्षात आलं की आपण एका स्मारकावर बसलोय! अल्फा फाय अल्फा या संघटनेच्या सात संस्थापकांचं स्मारक. सातही कृष्णवर्णीय विद्यार्थी, साल १९०६. तोपर्यंत काळ्या मुलांच्या वेगळ्या फ्रॅटर्निटी असतात हेही मला माहीत नव्हतं. त्या रात्री मोटेलवर वाचत बसलो आणि मग ते वाचन पुढे कितीतरी वीकेंड चालू राहिलं. आज त्याबद्दलच लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन उरकतो. ग्रीक अक्षरांची नावं घेणारी पहिली विद्यार्थी संघटना म्हणजे फाय बीटा कॅपा. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या मुलांनी ती काढली. म्हणजे अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केल्यावर पाच महिन्यांत. शपथ, गुप्त हस्तांदोलन, ग्रीक ब्रीदवाक्य हा सगळा सरंजाम तिथपासूनचा. ती संघटना पुढे हुशार विद्यार्थ्यांचा मान बनून गेली आणि तिच्यातली गुप्तताही गळून पडली. आज आपण ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतो ती परंपरा सुरू झाली १८२५ मध्ये, स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात, कॅपा अल्फा सोसायटीपासून. त्या काळचं कॉलेज म्हणजे काय, तर पहाटे प्रार्थना, दिवसभर लॅटिन-ग्रीकची घोकंपट्टी आणि चोवीस तास मास्तरांची नजर. या नजरेबाहेर आपलं स्वतःचं असं काहीतरी मुलांना हवं होतं. पुरुषांच्या गुप्त मंडळ्यांचं, विशेषतः फ्रीमेसनांचं, त्या देशात मोठं प्रस्थ. तेव्हा साचा तयारच होता.

कॉर्नेल सुरू झालं १८६८ साली आणि त्याच वर्षी तिथे पहिली फ्रॅटर्निटी आली. पहिले अध्यक्ष अँड्र्यू व्हाइट हे स्वतः येलच्या काळातले पक्के फ्रॅटर्निटीवाले. शिवाय त्यांच्यापुढे एक अगदी व्यावहारिक अडचण होती, ती म्हणजे नव्या विद्यापीठाकडे वसतिगृहं जवळजवळ नव्हतीच. फ्रॅटर्निटीनं घर बांधलं की तेवढ्या मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय झाली. हे कारण ऐकायला फार किरकोळ वाटतं, पण माझ्या मते सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. कॉर्नेलमध्ये फ्रॅटर्निटी ही निव्वळ गंमत नव्हती. तुम्ही कुठे झोपणार, कोणाच्या पंगतीला जेवणार, परीक्षेच्या आधी कोणाच्या वह्या चाळणार, आणि पुढे नोकरीसाठी कोण शब्द टाकणार हे त्या दारावर ठरायचं. पुढे, १९११ मध्ये, खुद्द संस्थापक एझ्रा कॉर्नेलचा वाडासुद्धा एका फ्रॅटर्निटीच्या ताब्यात गेला, म्हणजे बघा!

आणि याच गावात, १८७३ च्या ऑक्टोबरात, मॉर्टिमर लेगेट नावाच्या नव्या विद्यार्थ्याचा जीव गेला. कॅपा अल्फात दाखल होण्याच्या विधीचा भाग म्हणून त्याला डोळ्यांना पट्टी बांधून रात्री गावाबाहेर नेलं होतं. अंधारात सोबतच्या दोघांसह तो सिक्स माइल क्रीकच्या कड्यावरून घसरला. ते दोघे वाचले, हा गेला. त्याचे वडील यादवी युद्धातले जनरल आणि त्यावेळचे सरकारी पेटंट कमिशनर, त्यामुळे वर्तमानपत्रांतून गदारोळ झाला. मग तो शमला आणि कॉर्नेलच्या फ्रॅटर्निट्या चालू राहिल्या.

आता येऊ १९०४-०५ च्या शैक्षणिक वर्षाकडे. त्या वर्षी कॉर्नेलमध्ये सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. पुढचं वर्ष सुरू झालं तेव्हा त्यांच्यातला एकही परत आला नाही.

एकही नाही! कॉर्नेलने काळ्या मुलांना दार बंद केलेलं नव्हतं. प्रवेश मिळायचा. वर्गात बसता यायचं. पण वर्ग सुटल्यावर काय? फ्रॅटर्निटीच्या घरात राहणं शक्य नव्हतं. टेकडीवरच्या गोऱ्या घरमालकांकडे खोली मिळणं मुश्कील. मग ही मुलं खाली गावात, काळ्या कुटुंबांच्या घरी एकेका खोलीत विखरून राहायची आणि रोज टेकडी चढायची. (इथाकाचा हिवाळा आणि ती टेकडी मी पाहिली आहे, पायात चांगले बूट असूनसुद्धा मी दोनदा आपटलो होतो.) पैसे कमी, सोबत नाही, अडलं तर विचारायला कोणी नाही. हाकलून कोणी दिलं नाही, ती आपोआप गळाली.

हे वाचताना मला दुसरे एक विद्यार्थी आठवल्याशिवाय राहवलं नाही. १९१३ च्या उन्हाळ्यात बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले, तेव्हा वसतिगृह बदलून ते काही काळ कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहिले, कारण तिथे काही भारतीय विद्यार्थी होते. मग लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. आणि तेच बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. जात लपवून पारशी धर्मशाळेत उतरावं लागलं आणि कळल्यावर तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. खोली, पंगत आणि शेजार. डिग्री देणारं विद्यापीठ या तीन गोष्टी देईलच असं नाही.

असो. तर कॉर्नेलमध्ये १९०५ च्या सुमारास जी नवी काळी मुलं आली त्यांना आधीच्या सहा जणांचं काय झालं ते ठाऊक होतं. आपलं तसं होऊ द्यायचं नाही म्हणून त्यांनी एक अभ्यासगट काढला. एकमेकांना विषय समजावायचे, निबंध वाचायचे, चर्चा करायच्या. पुढाकार होता सी. सी. पॉइंडेक्स्टर या वयाने थोडा मोठा असलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा. जमायचं कुठे? गावातल्या काळ्या कुटुंबांच्या बैठकीच्या खोलीत. आर्ची आणि अ‍ॅनी सिंगलटन या दांपत्याचं घर हा त्यातला मुख्य अड्डा. अ‍ॅनीबाईंना ही मंडळी पुढे आपल्या संघटनेची आईच म्हणत आली. विद्यार्थ्यांच्या इतिहासात असं एखादं घर नेहमीच असतं बघा. पुण्यात शिकायला आलेल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो आधी वाराच्या घराचं किंवा खानावळीच्या मावशींचं नाव सांगेल आणि मग प्राध्यापकांचं.

आणि इथे वादाला तोंड फुटलं. गटातल्या काही जणांना अभ्यासगट पुरेसा वाटेना. त्यांच्यातले काही जण पोटासाठी गोऱ्या फ्रॅटर्निट्यांच्या घरांत वाढप्याचं काम करत होते. म्हणजे रोज संध्याकाळी पांढरा कोट घालून त्याच वर्गमित्रांच्या ताटात वाढायचं. ती बैठक, ती गाणी, भिंतीवरच्या जुन्या सभासदांच्या तसबिरी, मोठ्याने धाकट्याला हाक मारण्याची ती पद्धत हे सगळं ते भिंतीला टेकून उभं राहून बघत होते. त्यांना तेच हवं होतं. शपथ, रंग, चिन्ह, गुप्त विधी, सगळं.

पॉइंडेक्स्टरला ते पटत नव्हतं. त्याला साहित्य मंडळ हवं होतं, फ्रॅटर्निटी नको. गोऱ्यांच्या त्या चालीरीतींमागे त्यांचा स्वतःचा वारसा आहे, आपण त्या उसन्या घेऊन काय करणार, अशा धाटणीचा त्याचा आक्षेप होता. मला विचाराल तर प्रश्न अगदी रास्त होता. ज्यांनी तुम्हाला दाराबाहेर ठेवलं त्यांच्याच दाराची नक्कल करून आपल्या घराला लावायची? आमच्या धंद्यातल्या भाषेत बोलायचं तर ज्या प्रोजेक्टमध्ये तुम्हाला कमिट करायची परवानगी नाही, ते फोर्क करायचं. मूळ कोड त्यांचाच, मग त्यातले बगसुद्धा तुमच्याकडे आलेच!

महिनोन्महिने घोळ चालला. शेवटी ४ डिसेंबर १९०६ रोजी मतदान होऊन फ्रॅटर्निटी करायचं ठरलं. (फाय बीटा कॅपाच्या १३० व्या वाढदिवसाच्या बरोबर आदल्या दिवशी. निव्वळ योगायोग, पण मला अशा तारखा जुळल्या की उगाच बरं वाटतं.) पॉइंडेक्स्टर त्यातून बाहेर पडला, इथाकाही सोडून गेला. ज्याने सगळ्यांना पहिल्यांदा एका खोलीत बसवलं त्याचं नाव सात संस्थापकांत नाही. संस्थापक कोणाला म्हणायचं यावर पुढेही खल चालूच होता; यूजीन किंकल जोन्सचं नाव त्या यादीत कायम झालं ते थेट १९५२ मध्ये, म्हणजे घटनेनंतर शेहेचाळीस वर्षांनी आणि त्यांच्या मृत्यूच्या जेमतेम दोन वर्षं आधी.

ते सात जण असे: हेन्री कॅलिस, चार्ल्स चॅपमन, यूजीन किंकल जोन्स, जॉर्ज बिडल केली, नॅथॅनिएल मरे, रॉबर्ट ओगल आणि व्हर्टनर टँडी. नावं मुद्दाम लिहितोय. रंग ठरले काळा आणि जुन्या सोन्याचा. अक्षरं ग्रीक घेतली खरी, पण चिन्हं मात्र इजिप्तची. स्फिंक्स, पिरॅमिड. त्यांचं मासिकसुद्धा 'द स्फिंक्स' याच नावाने १९१४ पासून निघायला लागलं. म्हणजे पॉइंडेक्स्टरचा आक्षेप अगदीच वाया गेला नाही असं मला वाटतं. आपला वारसा कुठला, याचं उत्तर त्यांनी हळूच आफ्रिकेकडे बोट दाखवून दिलं.

आता माझा स्वतःचा प्रश्न. अभ्यासगट पुरला नसता का? विधी आणि शपथा कशाला लागतात?

मी विधींच्या बाबतीत फारसा भाबडा नाही. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर होतो. पहिल्या महिनाभर रात्री अकरानंतर 'इंट्रो' चालायचा. नजर शर्टाच्या तिसऱ्या बटनावर, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'सर', आणि सीनियरला आठवेल ते करून दाखवायचं. एकाने मला कानफटात मारली होती, कारण मी हसलो होतो. आता गंमत ऐका. त्याच सीनियरने मला जीटी मारायला स्वतःच्या ड्रॉइंग शीट्स दिल्या, परीक्षेची फी भरायला पैसे कमी पडले तेव्हा न मागता काढून दिले, आणि पास झाल्यावर माझा बायोडेटा स्वतःच्या कंपनीत नेऊन दिला. माझी पहिली नोकरी त्याच्यामुळे. आजही त्याचा फोन आला की मी उभा राहून बोलतो! 'इंट्रोमुळेच बॅच एक होते' असं आम्ही पुढे आमच्या ज्युनियरांना सांगायचो. आणि मी ते मनापासून सांगायचो.

म्हणून १९०६ च्या त्या वादात मला दोन्ही बाजू कळतात. अभ्यासगटाचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ज्यांनी काढला ते पास होऊन गेले की दोन वर्षांत गट संपतो. इथे तसं झालं नाही. सात जण कॉर्नेलमधून बाहेर पडले तरी गोष्ट पुढे चालत राहिली, कारण नव्या मुलाला फक्त वह्या दिल्या जात नव्हत्या, त्याला एक सांगितलेली गोष्ट, एक शपथ आणि आपल्या आधीच्यांची नावं दिली जात होती. १९०७ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात दुसरी शाखा निघाली, बीटा. मग व्हर्जिनियात गॅमा. ग्रीक मुळाक्षरं एकेक करून संपायला लागली. शेवटचं अक्षर ओमेगा मात्र कुठल्याही कॉलेजला दिलेलं नाही, ते राखून ठेवलंय मेलेल्या सभासदांसाठी. माणूस गेला की तो 'ओमेगा शाखेत' दाखल झाला असं म्हणतात. कोणालाच सोडून न देण्याची ही रीत वाचली तेव्हा मी जरा वेळ लॅपटॉप मिटून बसलो होतो.

आणखी एक मोठा फरक. गोऱ्या फ्रॅटर्निटीत कॉलेज संपलं की माणूस 'माजी' होतो, फार तर वर्गणी देतो आणि गॅदरिंगला येतो. अल्फाने १९११ मध्येच केंटकीतल्या लुईव्हिल शहरात पदवीधरांची वेगळी शाखा काढली. कारण उघड आहे, काळ्या माणसाची खरी परीक्षा डिग्री मिळाल्यावर सुरू व्हायची. नोकरी, घर, बँक, कोर्ट, मतदान... जिथे जाल तिथे दार बंद. तेव्हा भाऊबंदकीची खरी गरज वयाच्या तिशीत, चाळिशीत होती. (भाऊबंदकी हा शब्द आपल्याकडे नेमका उलट्या अर्थाने वापरतात, हे लिहिताना लक्षात आलं. जमिनीच्या वाटणीने आपला एक चांगला शब्द खाल्ला!)

त्या सात जणांचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. जॉर्ज केली न्यूयॉर्क राज्यात नोंदणी झालेले पहिले कृष्णवर्णीय इंजिनिअर झाले. टँडी तिथलेच पहिले नोंदणीकृत कृष्णवर्णीय आर्किटेक्ट. केसांच्या प्रसाधनांवर श्रीमंत झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांचा हडसन नदीकाठचा 'व्हिला लेवारो' हा वाडा त्यांनी बांधला, हार्लेममधलं सेंट फिलिप्स चर्च त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर उभारलं. कॅलिस डॉक्टर झाले. यूजीन जोन्स नॅशनल अर्बन लीगचे प्रमुख झाले; दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांत पोटासाठी आलेल्या लाखो काळ्या लोकांना काम आणि घर मिळवून देणारी ही संस्था. ज्याला टेकडीवर खोली मिळत नव्हती त्याने आयुष्य कशात घालवलं ते बघा.

थर्गुड मार्शल यांची गोष्ट मला सगळ्यांत जास्त भावते. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झालेले हे गृहस्थ लिंकन विद्यापीठात शिकत असताना अल्फाचे सभासद होते. आणि तिथे नव्या मुलांना छळल्याबद्दल आणि खोड्यांबद्दल दोनदा निलंबित झाले होते! मेरिलँड विद्यापीठाचं लॉ स्कूल काळ्यांना घेत नसे म्हणून त्यांनी हॉवर्डमधून कायदा केला. तिथे त्यांचे गुरू चार्ल्स ह्यूस्टन, तेही अल्फाचेच. १९३५ मध्ये या गुरुशिष्यांनी मिळून डोनाल्ड मरे या तरुणाला त्याच मेरिलँडच्या लॉ स्कूलमध्ये कोर्टाच्या हुकमाने प्रवेश मिळवून दिला, आणि त्या खटल्यामागे अल्फा फाय अल्फाचाही हात होता. १९०५ ला सहा मुलं गळाली म्हणून बसलेली बैठक तीस वर्षांत कोर्टापर्यंत पोचली होती. शाळा-कॉलेजला जा म्हणून मोहीम, मतदार नोंदणीची मोहीम, हे सगळं त्याच काळातलं. मार्टिन ल्यूथर किंग १९५२ मध्ये बोस्टनला पीएचडी करताना सभासद झाले. वॉशिंग्टनमधलं किंग यांचं जे भव्य स्मारक ऑक्टोबर २०११ मध्ये लोकार्पण झालं, त्याची कल्पना १९८४ मध्ये या भावांनी मांडली होती. सत्तावीस वर्षं लावून धरली.

इथे थांबलो असतो तर छान झालं असतं. पण फोर्कमध्ये बगही येतात हे मीच वर लिहून बसलोय.

सुरुवातीची काही दशकं गेल्यावर काळ्या फ्रॅटर्निट्यांतही दाखल होण्याचा काळ म्हणजे छळाचा काळ झाला. उमेदवारांची 'लाइन' लावायची, प्रत्येकाला नंबर, सारखे कपडे, एका तालात चालायचं. त्यातूनच 'स्टेपिंग' हा विलक्षण नाच निघाला हेही खरं. पण बंद दाराआड फळीचे फटकेही निघाले. १९८९ च्या ऑक्टोबरात अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजात, म्हणजे खुद्द किंग यांच्या कॉलेजात, अल्फात येऊ पाहणारा एक विद्यार्थी अशा रात्री कोसळून मेला. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, अल्फासह आठही काळ्या फ्रॅटर्निटी-सोरॉरिटींनी उमेदवारीची ती जुनी पद्धत अधिकृतपणे बंद केली. (मुलींच्या संघटनेला सोरॉरिटी म्हणतात. यातल्या सगळ्यांत जुन्या, १९०८ च्या अल्फा कॅपा अल्फामध्ये कमला हॅरिस आहेत.) अधिकृतपणे बंद झालं म्हणजे लपून सुरू राहिलं. विधीशिवाय आलेल्यांना जुने लोक 'कागदावरचे भाऊ' म्हणून हिणवायचे आणि ते हिणवणं टाळण्यासाठी मुलं स्वतः होऊन मार खायला तयार व्हायची. मला याचं अजिबात आश्चर्य वाटत नाही. आमच्याकडे इंट्रो चुकवलेल्या डे-स्कॉलर पोरांना बॅचमध्ये कोणी विचारायचं नाही.

आणि परत इथाका. फेब्रुवारी २०११, कॉर्नेलमधल्या एका गोऱ्या वळणाच्या मोठ्या फ्रॅटर्निटीचं घर. तिथे उलटा विधी होता: नव्यांनी जुन्या सभासदांना पळवून न्यायचं, हातपाय बांधायचे आणि प्रश्नांची उत्तरं चुकली की दारू पाजायची. त्यात जो सभासद मेला तो एकोणीस वर्षांचा होता आणि कृष्णवर्णीय होता. १९०६ मध्ये ज्या दारातून वाढप्या म्हणूनच आत जाता आलं असतं, त्या दारातून तो मानाने भाऊ म्हणून आत गेला होता. विद्यापीठाने त्या शाखेची मान्यता काढली आणि अध्यक्षांनी जाहीर केलं की उमेदवारीची पद्धतच बंद व्हायला हवी. लेगेटच्या मृत्यूला तेव्हा १३८ वर्षं होत होती. देशभरच्या कॉलेजांना अशा घटना जाहीर करायला लावणारा केंद्रीय कायदा डिसेंबर २०२४ मध्ये झाला. महाराष्ट्राने रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ मध्येच केला होता, एवढ्या एका बाबतीत आपण पुढे. कायद्याची प्रत आमच्या हॉस्टेलच्या बोर्डावर लागली होती. तिच्याखाली उभं करूनच इंट्रो घ्यायचे.

सात संस्थापकांतले शेवटचे, हेन्री कॅलिस, १९७४ मध्ये गेले. त्यांच्या संघटनेचा इतिहास चार्ल्स वेस्ली या मोठ्या इतिहासकाराने १९२९ मध्येच ग्रंथ लिहून नीट मांडून ठेवलाय, पुढे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. त्या सगळ्या गोष्टीची सुरुवात होते परत न आलेल्या त्या सहा जणांपासून, आणि पहिल्या पानांनंतर ते सहा जण दिसेनासे होतात.

आमच्या हॉस्टेलवर माझ्या शेजारच्या खोलीत परभणीकडचा एक मुलगा होता. गणितात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे. इंट्रोत त्याच्या बोलण्याची फार टर उडवायचे. तो बोलायला लागला की सगळी विंग जमायची, मीही असायचो. दिवाळीची सुट्टी संपली आणि तो परत आलाच नाही. पंधरा दिवसांनी त्याचे वडील त्याची ट्रंक न्यायला आले. एकट्याने उचलत नव्हती म्हणून मी दुसरी कडी धरली आणि आम्ही ती एसटी स्टँडपर्यंत नेली. गाडी लागल्यावर त्यांनी मला चहा पाजला आणि विचारलं, "तुम्ही त्याचे दोस्त का?"

मी हो म्हटलं.